आगगाडीचा टप वर जाईना! पण त्याआधी काय झालं ते ऐका.

"उतरा! उतरा म्हणतो ना! विकायची गाडी आहे ही, झोपाळा नव्हे!" दलाल कॅमेरा सरसावत ओरडला.

"पण आम्ही फोटोत शोभून दिसतो!" मागच्या काचेला नाक चिकटवून रेडिओ म्हणाला.

"गिऱ्हाईक पळून जाईल तुझं नाक बघून! उतर!"

मुकादमने धाकट्या भावाची कॉलर धरून त्याला खाली ओढलं. मागोमाग शंकासुर उतरला. मुकादम तेरा वर्षांची. दोन माणसं एकत्र दिसली की ती त्यांना कामं वाटून द्यायची, म्हणून हे नाव. रेडिओ तिचा भाऊ. सकाळी डोळे उघडले की सुरू आणि झोप लागली की बंद. शिवाय कुणाचंही बोलणं तो त्या माणसाच्या आवाजात जसंच्या तसं म्हणून दाखवायचा. शंकासुर त्यांचा मामेभाऊ, वय वर्षं दहा. सूर्य पूर्वेलाच उगवतो हे कशावरून, इथून त्याचा दिवस सुरू व्हायचा. सुट्टीत तिघांचा मुक्काम मामाच्या गॅरेजात असे. घर गॅरेजच्या वरच होतं, पण तिथं जायचं ते फक्त जेवायला आणि झोपायला.

आणि सध्या गॅरेजात आगगाडी उभी होती!

आगगाडी म्हणजे खरी आगगाडी नव्हे. कोणे एके काळी ती कुणा बड्या शेटजींची आलिशान मोटार होती. डॉक्टरआजींनी तरुणपणी ती जुनी म्हणून विकत घेतली आणि याच गॅरेजात आणून सोडली. मामाच्या वडिलांनी ती मधोमध कापली, दोन हात लांब केली आणि काचेच्या पडद्यामागे चक्क दवाखाना बसवला. तपासायचा बाक, घडीचं हात धुवायचं भांडं, औषधांचे इवले इवले खण! बाहेरून थाट राजाचा आणि आत कापूस, पट्ट्या नि गोळ्या. सगळ्यात मोठी गंमत म्हणजे तिचा टप. ड्रायव्हरच्या सीटमागे एका खोल नळीत चौकोनी खुंटी होती. तिच्यावर पितळी हँडल बसवून फिरवलं की अख्खा टप हातभर वर उचलला जायचा आणि आजींना आत ताठ उभं राहून पेशंट तपासता यायचा. अशी कितीतरी वर्षं ती गाडी गावोगाव फिरली. चालवायला कायम एकच माणूस, ड्रायव्हरकाका.

आता आजी थकल्या होत्या. गाडी विकायला काढली होती. एक चष्मेवाल्या बाई ती बघायला येणार होत्या. त्यांना गावोगाव जाऊन लोकांचे डोळे तपासायचे होते, त्यामुळे उचलणारा टप म्हटल्यावर त्या खूश झाल्या होत्या. आजींची अट एकच होती. गाडीबरोबर ड्रायव्हरकाकांनाही ठेवून घ्यायचं.

दलालाने पुढचं दार उघडून आत डोकं घातलं आणि नाक मुरडलं. "केवढा हा पसारा! फोटोत भंगारचं दुकान दिसेल." मग बोलता बोलता त्याने जे जे नजरेत खुपलं ते ते उचलून बाहेर नेलं. एका हातात फोन, दुसऱ्या हातात पसारा. ड्रायव्हरकाका तेव्हा आजींना सोडायला गेले होते. मामा एका गाडीच्या पोटाखाली होता. मुलं झाडाखाली बसून रेडिओने काढलेला दलालाचा आवाज ऐकण्यात रंगली होती. म्हणजे ज्यांनी बघायला हवं होतं, त्यातलं कुणीच बघत नव्हतं.

दोन दिवसांनी सकाळी मामा म्हणाला, "चला, उद्या बाई येणार. टपाला जरा तेल देऊ." आणि त्याने ड्रायव्हरच्या सीटशेजारच्या चामडी पट्ट्याकडे हात नेला. हँडल कायम तिथं अडकवलेलं असायचं.

पट्टा रिकामा होता!

मग जी शोधाशोध झाली ती काय सांगावी! सीट काढल्या, चटया झटकल्या, औषधांचे खणसुद्धा उपसले. मामाने हाताला येईल तो पाना नळीत घालून पाहिला. खुंटी इतकी आत होती की एकही पाना तिथवर पोचेना. टप जागचा हलेना.

दलाल कपाळाला आठ्या घालून उभा होता. "सरळ आहे की! गाडी विकली जाऊ नये असं कुणाला वाटतंय? परवा चारचौघांत कोण म्हणालं, माझ्या जिवावर आलंय म्हणून?"

सगळ्यांची नजर ड्रायव्हरकाकांकडे वळली. काका दाराशी बसून पाणी पीत होते. त्यांनी बाटलीचं झाकण सावकाश लावलं.

"जिवावर आलंय हे खरं," ते म्हणाले. "पण हँडल मी घेतलेलं नाही."

"मग काय पाय फुटले त्याला? मी उद्या बाईंना स्पष्ट सांगणार. असा माणूस ठेवू नका म्हणून!"

मामा काहीतरी पुटपुटला, पण ठामपणे काही बोलला नाही. त्यालाही कोडं पडलं होतं. काकांनी डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली आणि ते अंगणातल्या नळावर जाऊन गाडीची फडकी धुवायला लागले.

शंकासुराला राहवलं नाही. तो त्यांच्यामागे गेला. "काका, तुम्ही चुकून तर नाही ना ठेवलं कुठं? किंवा... मुद्दाम?"

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते नुसतं म्हणाले, "तूसुद्धा का रे बाळा?" आणि पुन्हा फडकं पिळायला लागले.

शंकासुर परत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. "मी गाढव आहे," तो म्हणाला.

"यात शंका नाही," मुकादम म्हणाली. "रडू नकोस. हँडल सापडलं की सगळं नीट होईल. उद्या बाई यायच्या आत ते शोधायचं! मी गॅरेजची डावी बाजू बघते. शंकासुर, तू उजवी बघ. रेडिओ, तू—"

"मी गप्प बसतो?"

"ते तुला जमणार नाही. तू मामीने सांगितलेला पाव घेऊन ये, आणि येताना रस्त्यावर बघत बघत ये."

रेडिओ पाव घेऊन आला तो बातम्यांसकटच. "गल्लीच्या कोपऱ्यावर काय झालंय ते बघितलंत का? मेणबत्तीवाल्या मावशींच्या दुकानात सगळ्या मेणबत्त्यांनी माना टाकल्यात! उन्हाने! मोराची मेणबत्ती होती ना? तिचं बदक झालंय! सगळ्या दुकानांची कापडी छतं खाली आहेत, एकट्या मावशींचं वर गुंडाळलेलं."

"मग छत खाली घ्यायचं की," मुकादम म्हणाली.

रेडिओने कमरेवर हात ठेवले, हनुवटी पुढे काढली आणि थेट मावशींच्या आवाजात सुरू केलं, "अरे, कसं घेऊ खाली? कालपासून हँडल लावतेय तर नुसतं गरागरा फिरतंय मेलं! वर ना खाली! तुझ्या मामाला चारदा सांगितलं. येतो, येतो, उद्या नक्की येतो! त्याचा उद्या उजाडेपर्यंत माझं दुकान वाहून जायचं गटारात!"

मामाने गाडीखालून ओरडून सांगितलं, "उद्या नक्की जातो रे!"

मुलं हसली आणि पुन्हा शोधायला लागली. संध्याकाळ झाली तरी हँडल काही मिळालं नाही. त्या दिवशी काका नेहमीसारखे तिघांना हाक मारून न जाताच घरी निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शंकासुर रंगाच्या टेबलाजवळ उभा राहिला.

या टेबलाविषयी सांगायलाच हवं. त्यावर जे ठेवाल ते रंगारीकाका रंगवणार, हा गॅरेजचा नियम. रंगारीकाका कुणाला काही विचारायचे नाहीत. का, कशाला, कुणाचं, असले प्रश्न त्यांना पडायचेच नाहीत. टेबलावर आहे म्हणजे रंगवायचं! एकदा मामाने तिथं विसरलेला चष्म्याचा डबा त्यांनी लालभडक करून दिला होता. डबा उघडून आतून रंगवला नाही, एवढीच काय ती दया. रंगवलेल्या वस्तू वाळत घालायला टेबलामागे आकडे होते. त्यातल्या एका आकड्यावर एक हिरवं हँडल लटकत होतं.

"रंगारीकाका, हे कुणाचं?"

"दुकानवाल्यांचं. त्यांच्या छतांची हँडलं रंगवली ना परवा, त्यातलं उरलं."

"उरलं? सगळ्यांनी आपापलं नेलं असेल तर उरेल कसं?"

"तुझ्या बापाला विचार," म्हणून रंगारीकाका ब्रश धुवायला निघून गेले.

शंकासुराच्या डोक्यात एकदम काहीतरी आलं. "मुकादम! आपण पिवळं हँडल शोधतोय! पण ते पिवळं राहिलंच नसेल तर?"

तिघं हिरवं हँडल घेऊन आगगाडीकडे धावली. मुकादमने ते नळीत घातलं. दाबलं. वाकडं करून दाबलं. हँडलच्या टोकाचं चौकोनी भोक खुंटीपेक्षा लहान होतं. ते काही केल्या बसेना.

"छे! हे दुकानाचंच आहे," ती म्हणाली आणि पायरीवर मटकन बसली.

"म्हणजे एका दुकानाचं हँडल इथं आहे," शंकासुर बोटं मोडत म्हणाला. "मग त्या दुकानवाल्याने नेलं काय?"

तेवढ्यात रेडिओने उगीचच, सवयीने, कमरेवर हात ठेवून सुरू केलं, "नुसतं गरागरा फिरतंय मेलं! वर ना खाली!"

मुकादम ताडकन उठली. "काय म्हणालास?"

"मी नाही, मावशी म्हणाल्या!"

"पुन्हा म्हण!"

"नुसतं गरागरा फिरतंय—"

"का फिरतं गरागरा? भोक मोठं आणि खुंटी लहान असली तर फिरेल! आपल्याकडे लहान भोकाचं हँडल आहे, आणि मावशींकडे..."

"आगगाडीचं!" शंकासुर किंचाळला. वाक्य पूर्ण व्हायच्या आत तिघं रस्त्यावर होती.

मेणबत्तीवाल्या मावशी काचेमागच्या बदकाची मान सरळ करत होत्या. बदकाचा मूड दिसत नव्हता.

"मावशी, तुमचं हँडल द्या!" रेडिओ धापा टाकत म्हणाला.

"कशाला? एकाने रंगवून बिघडवलं, आता तुम्ही तोडायला नेता? मुळीच नाही!"

"बरं, नका देऊ," मुकादम शांतपणे म्हणाली. "आधी हे लावून बघा."

मावशींनी संशयाने मुलांनी आणलेलं हँडल घेतलं, भिंतीवरच्या खुंटीवर बसवलं आणि फिरवलं. कुर्र कुर्र करत कापडी छत खाली यायला लागलं. मेणबत्त्यांवर सावली पसरली.

"अगं बाई!" मावशी म्हणाल्या.

मुकादमने दुसरं हँडल हातात घेतलं. ते चांगलंच जड होतं. शंकासुराने खिशातून खिळा काढला आणि टोकाशी जरासं खरवडलं. हिरव्या रंगाखाली पितळ चमकलं! रेडिओला इतका आनंद झाला की तो क्षणभर चक्क गप्प बसला.

"पळा!" मुकादम म्हणाली. "बाई आल्या असतील!"

बाई आल्याच होत्या. आगगाडीसमोर डॉक्टरआजींना खुर्ची दिली होती. बाई गाडीभोवती फिरून बघत होत्या. ड्रायव्हरकाका लांब, फाटकाशी उभे होते. टोपी अजून खिशातच होती. दलालाच्या तोंडाचा पट्टा सुरू होता.

"आता टपाचं म्हणाल तर, एवढं काय अडलंय त्याच्यावाचून? बसूनही डोळे तपासता येतात की! फक्त एक सांगून ठेवतो. हा ड्रायव्हर काही ठेवू नका. हँडल याच्या ताब्यात होतं आणि—"

"आजी, टप वर करून दाखवू का?" मुकादमने दारातूनच विचारलं.

सगळे वळले. मुकादम गाडीत चढली, हँडल नळीत घातलं. खट्! बसलं! ती फिरवायला लागली तसा मोठा काळा टप डुलत डुलत वर निघाला. आजींच्या चेहऱ्यावर ऊन पडावं तसं हसू पसरलं. बाई आत जाऊन ताठ उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात वर करून बघितला.

"वा! अगदी हवं तसं!"

"बघा!" दलाल लगेच म्हणाला. "मी म्हणत नव्हतो? आता प्रकरण अंगाशी येतंय म्हटल्यावर काढून दिलं! वर ओळखू येऊ नये म्हणून हिरवा रंगही फासला!"

काका पाठ फिरवून जायला निघाले. शंकासुराला ते बघवेना. त्याने आजूबाजूला पाहिलं. फाटकाशी भिंतीवर काकांची पाण्याची बाटली ठेवलेली होती. हिरवीगार! गेले दोन दिवस ते त्याच बाटलीतून पाणी पीत होते, आणि कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

"काका, तुमची बाटली हिरवी कधीपासून झाली?"

"परवापासून," काका म्हणाले. "मी गाडीत ठेवली होती. आलो तर रंगाच्या आकड्यावर लटकत होती. म्हटलं, रंगारीबुवांना आवडली असेल."

"मी टेबलावरची रंगवली," रंगारीकाका शांतपणे म्हणाले. "टेबलावर बाटली होती आणि ते वाकडं हँडल होतं. फडकंही होतं, पण फडक्याला रंग धरत नाही."

"म्हणजे गाडीतल्या वस्तू कुणीतरी टेबलावर नेऊन ठेवल्या!" शंकासुर म्हणाला. "बाई, तुमच्याकडे इथून पाठवलेला गाडीचा फोटो आहे का?"

बाईंनी पर्समधून छापलेला फोटो काढला आणि चष्मा नीट करून त्यावर वाकल्या. फोटोत आगगाडी ऐटीत उभी होती. आणि तिच्या मागे, कोपऱ्यात, रंगाचं टेबल! टेबलावर फडकं, बाटली आणि उन्हात चमकणारं पितळी हँडल!

"हा फोटो कुणी काढला?" आजींनी विचारलं.

तेव्हा रेडिओने छाती पुढे काढली आणि दलालाच्या आवाजात म्हणाला, "केवढा हा पसारा! फोटोत भंगारचं दुकान दिसेल!"

आता मात्र दलालाचा चेहरा हँडलहून हिरवा झाला. "मी... फोन चालू होता हो माझा... हाताला लागलं ते ठेवलं तिथं. माझ्या ध्यानातच नाही राहिलं."

"स्वतः ठेवलंत आणि माझ्या माणसावर आळ घेतलात," आजी म्हणाल्या. आवाज मुळीच चढला नव्हता, पण पेशंटला इंजेक्शन द्यायच्या आधी त्या अशाच बोलत. "माफी मागा. माझी नको, त्यांची मागा."

दलाल फाटकापर्यंत चालत गेला. "चुकलं माझं," तो म्हणाला. मामाही मागोमाग गेला. "माझंही चुकलं. मी तेव्हाच तुमची बाजू घ्यायला हवी होती."

"असू दे," काका म्हणाले. त्यांनी खिशातून टोपी काढली, झटकली आणि डोक्यावर घातली.

बाई गाडीतूनच म्हणाल्या, "गाडी मी घेते. आणि काका, तुम्ही येणार असाल तरच घेते!"

तेवढ्यात मेणबत्तीवाल्या मावशी फाटकात उगवल्या. "मामा कुठाय? ही पोरं एका मिनिटात करून गेली, आणि तो दोन दिवस उद्या उद्या करतोय!" मामा घाईघाईने पुन्हा गाडीखाली शिरला.

आजींनी तिघांना जवळ बोलावलं. "मोठी माणसं डोळ्यांसमोरचंही बघत नव्हती. तुम्ही नीट ऐकलंत, नीट बघितलंत. माझ्या हाताखाली असे तीन डॉक्टर असते ना, तर निम्मे आजार त्यांना घाबरून पळाले असते." असं म्हणून त्यांनी तिघांच्याही डोक्यावरून हात फिरवला. मुकादमने रेडिओची कॉलर नीट केली.

शंकासुर मात्र काकांसमोर जाऊन उभा राहिला. "काका, मी तुमच्यावर शंका घेतली. मला माफ करा."

काकांनी गाडीतून हँडल काढून त्याच्या हातात दिलं. "खरं विचारलंस, तोंडावर विचारलंस. पाठीमागे नाही बोललास. जा, जागेवर अडकव. आता ते कुठं असतं हे तुला माहीत असलेलं बरं."

"रंग काढून देऊ का?" रंगारीकाकांनी विचारलं.

"राहू दे हिरवंच," काका हसून म्हणाले. "मात्र आता त्या टेबलापासून लांब ठेवू."

मग काकांनी मागचं दार उघडलं आणि बड्या शेटजींना करावा तसा वाकून नमस्कार केला. "चला मंडळी, बाईंना चक्कर मारून दाखवू."

आजी आणि बाई बाकावर बसल्या. टप उचललेला असल्याने मुलं ताठ उभी राहिली. आगगाडी सावकाश गल्लीतून निघाली. मावशींच्या दुकानावरून जाताना रेडिओने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि दलालाच्या आवाजात ओरडला, "उतरा! उतरा म्हणतो ना! विकायची गाडी आहे ही, झोपाळा नव्हे!"

ड्रायव्हरकाका इतके हसले की त्यांना गाडी कडेला घ्यावी लागली.